गालातला घास

गहिनीतात्यांकडे सरावाला जेवायला गेलं, की हात धुवायच्या आधी तोंड उघडून दाखवावं लागतं. नुसतं उघडून भागत नाही. "आ करा" म्हणाले की आ करायचा, "जीभ उचला" म्हणाले की जीभ उचलायची, मग दोन्ही गाल बोटांनी ताणून आत काही दडलं नसल्याची खात्री पटवायची. तात्या वाकून पाहतात, मान हलवतात आणि म्हणतात, "गेलं. उठा आता." पंगतीत सरपंच असो नाहीतर व्याही, तपासणी चुकत नाही.

हा सराव वर्षातून एकदाच असतो, एवढी देवाची कृपा. पाडव्याच्या दिवशी गाव पुरणपोळी खाऊन आडवं झालेलं असताना तात्या चार घरं फिरून आवतण देतात, "उद्या आमच्याकडं सराव हाय. या." दुसऱ्या दिवशी ताटात बरबड्याची भाकरी आणि तरोट्याची भाजी. बरबडा हे माळावरचं तण. त्याचे बारीक दाणे दळून बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी भाकऱ्या थापल्या होत्या. तरोटा श्रावणात कोवळा असताना बरा लागतो, पण तात्या तो वाळवून मडक्यात कोंबतात आणि चैत्रात शिजवतात. तोवर त्यात चव म्हणून जी काही उरते, तिला मला नाव सापडलेलं नाही.

"पोट गुलाम हाय," तात्या वाढता वाढता सांगतात. "मालक जीभ हाय. दुष्काळ पोटावर येत न्हाई, जिभेवर येतो. तिला सराव पायजे."

मी आमच्या गावच्या दूध सोसायटीचा सचिव. गाव नेकनूरच्या बाजूला, सात-आठशे उंबऱ्यांचं. तात्या सोसायटीत दूध मापायला. ते कॅनपाशी उभे, मी खुर्चीवर, अशी आमची वीस-बावीस वर्षं गेली. मला ते नावानं हाक मारत नाहीत, 'सेक्रेटरी' म्हणतात, आणि सरावाचं पहिलं आवतण मला. आता लपवून काय करायचं, मी एकदाही ते जेवण धड गिळलं नाही. भाकरी तुकड्यातुकड्यानं मांडीखालच्या रुमालात जायची आणि तोंडातला शेवटचा घास मी टाळूला चिकटवून ठेवायचो. जीभ उचलली तरी टाळू दिसत नाही. रुमालातला माल नंतर म्हशीपुढे टाकायचो. म्हैससुद्धा आधी माझ्याकडे बघायची, मग खायची.

सगळ्यांना ही युक्ती जमत नसे. एकदा बीडहून दुधाच्या तपासणीला एक साहेब आले आणि नेमके सरावाच्या दिवशी सापडले. चार घास खाल्ले, पाचवा गालात धरला, आणि 'निघतो' असं हातानंच सांगून उठले. तात्यांनी दारात अडवलं. "सायेब, डाव्या गालात हाय." साहेबांनी मानेनं 'नाही' म्हटलं. तात्या म्हणाले, "मंग बोलून दाखवा." जीपचा ड्रायव्हर दुसरीकडे तोंड फिरवून हसला. साहेब गिळून मोकळे झाले. नंतर दोन वर्षं आमच्या सोसायटीकडे तपासणीला कुणी फिरकलं नाही, ही तात्यांची संस्थेची मोठी सेवाच म्हणायची.

मुलीचं लग्नही त्यांनी याच कसोटीवर लावलं. बघायला येणाऱ्या प्रत्येक मुलापुढे पोह्यांऐवजी बरबड्याची भाकरी. तीन मुलं परत गेली. एकानं तर अंगणात जाऊन थुंकलं. "ज्याला थुकायला सुचतं, त्यानं भूक बघितली न्हाई," असं म्हणून तात्यांनी त्याला नारळ दिला. चौथा वडवणीचा. त्यानं अख्खी भाकरी खाल्ली आणि आणखी मागितली. तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, सुपारी तिथल्या तिथे फुटली. लग्नानंतर कळलं की जावयाला त्या दिवशी जबर सर्दी झाली होती, चव काही लागतच नव्हती. पण पोरगा भला निघाला, म्हणून आम्ही ते तात्यांना आजवर सांगितलं नाही.

तात्यांच्या बंडीच्या खिशात मिठाची पुडी, गुळाचा खडा, काडेपेटी, तुरटी आणि हातभर सुतळी कायम असते. सोसायटीतून घरी जायचं, म्हणजे दोनशे पावलं, तरी खिसा चाचपून निघतात. मी एकदा चिडून विचारलं, "तात्या, एवढ्या वाटंत काय व्हणार हाय?" ते म्हणाले, "व्हायचं आसतं ते वाट मोजून व्हत न्हाई." ते जुलाबाला मीठ-गुळाचं पाणी देतात, गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात आणि कुठल्या तणाचा पाला चालतो ते पोरासोरांना तोंडपाठ करायला लावतात. पण मला विंचू चावला तेव्हा मी मोठ्या आशेनं म्हणालो, "तात्या, एखादा पाला लावा," तर त्यांनी मला खसकन मोटारसायकलवर बसवलं. "इच्चवाला पाला न्हाई, दवाखाना आसतो. येडा हायस का बे?" तात्यांनी मला 'बे' म्हटलेलं तेवढंच.

घरात त्यांची धाकटी बहीण सुंद्राबाई. तात्यांची बायको जाऊनही बरीच वर्षं झाली, मुलगी वडवणीला नांदते. सुंद्राबाईला दिसत नाही. पाच वर्षांची होती, तेव्हा बहात्तरच्या दुष्काळात डोळे गेले. आधी दिवेलागणीला दिसेना, मग बुबुळं पांढरी झाली. ती हाताच्या अंदाजानं भाकऱ्या थापते आणि कुणाचं पाऊल आहे ते उंबऱ्यातूनच ओळखते. सरावाच्या दिवशी पहिलं ताट तिचं. तात्या तिच्या समोर उकिडवे बसतात, तिचं तोंड सगळ्यांत जास्त वेळ तपासतात आणि स्वतः सगळ्यांच्या शेवटी जेवतात. त्यांचं तोंड कधी कुणी तपासलं नाही. आम्हाला तसं सुचलंही नाही.

सराव कधी सुरू झाला ते मला ठाऊक आहे. लिंबागणेशला डोळ्यांचं शिबिर होतं. तात्या सुंद्राबाईला घेऊन गेले, सोबत मी. डॉक्टर तरुण होता, मोकळेपणानं बोलला. आता इलाज नाही म्हणाला. "त्या वेळी हिरवा पाला पोटात गेला असता ना, शेवगा, तरोटा, कसलाही, तर डोळे राहिले असते." तात्यांनी त्याला तेच पुन्हा सांगायला लावलं. पुढच्या पाडव्याला मला पहिलं आवतण आलं.

मग तो परवाचा मोठा दुष्काळ आला. तात्या इतकी वर्षं ज्याची तयारी करत होते, तो दारात उभा राहिला आणि तात्यांना वेड्यात काढून बसला. कारण या वेळी धान्य होतं. रेशनचा गहू होता, तांदूळ होता. नव्हतं ते पाणी. विहिरींच्या तळाला पोरं क्रिकेट खेळायची. तात्यांची बरबड्याची मडकी भरलेली होती आणि भाजी शिजवायला तांब्याभर पाणी नव्हतं. सोसायटीत एक कॅनही भरेना. पोरं विचारायची, "तात्या, आता तहानंचा सराव कसा करायचा?" तात्या हसायचे नाहीत. ते जिभेची तयारी करून बसले होते आणि दुष्काळ घशातून आला होता.

सोसायटीनं माळावर चारा छावणी काढली. तात्या आपली गाय आणि सुंद्राबाईला घेऊन तिथे ताडपत्रीखाली राहायला आले. टँकर एक दिवसाआड यायचा, माणशी एक घागर. छावणीत चारा गुरांचा, माणसांचं ज्यानं त्यानं बघायचं. वैशाखात सुंद्राबाईला ऊन लागलं. ताप उतरला, पण ती काही घेईना. दोन दिवस तिनं पाण्याच्या घोटाशिवाय काही घेतलं नाही. नेकनूरहून डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, "पातळ काहीतरी पोटात जाऊ द्या. दुपारपर्यंत नाही गेलं तर बीडला हलवावं लागेल. अंगात काही उरलेलं नाही."

मी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तात्यांनी तीन दगडांवर शेवग्याचा पाला शिजवून त्याचं पातळ कालवण केलं होतं. वाटी घेऊन बहिणीपुढे उकिडवे बसले होते.

"आ कर सुंद्रे."

तिनं ओठ घट्ट मिटले. "नगं दादा. कडू लागतंय."

तात्यांनी वाटी तिच्या ओठांना लावली. कालवण त्यांच्या बोटांवर सांडलं तरी त्यांनी हात काढला नाही. मी वाटी घ्यायला पुढे झालो, तर म्हणाले, "थांबा सेक्रेटरी. हिनं तवाबी हेच म्हनलं व्हतं."

मग ते सुंद्राबाईकडे न बघता, गाईकडे बघत बोलायला लागले. आई-बाप दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. दहा वर्षांच्या गहिनीवर बहिणीला जेवू घालायचं काम. आई तरोटा शिजवून दोन वाटे करून जायची. सुंद्रा सरकारनं वाटलेली गोड सुकडी खायची, पाल्याला तोंड लावायची नाही, कडू म्हणायची. "मला लई भूक लागायची. मी एक डाव म्हनलं, खा. तिनं मान हलीवली. मी तिचा वाटा खाल्ला. आय आली, म्हनली, सुंद्रीनं खाल्लं का? मी म्हनलं, खाल्लं. मंग रोजच तसं. आयनं कवा तिचं तोंड उघडून बघितलं न्हाई. एक डाव जरी बघितलं आसतं, तर मला खोटं बोलता आलं नसतं."

इतकी वर्षं टाळूला घास चिकटवून या माणसाला फसवल्याचा मला गर्व वाटत आला होता. त्या दिवशी गर्व म्हणा किंवा लाज म्हणा, दोन्हीची चव एकच लागत होती. लाजच होती ती.

सुंद्राबाईनं मान त्यांच्याकडे वळवली.

"मला ठावं हाय की," ती म्हणाली. "मी बघत व्हते. तवा दिसत व्हतं मला."

तात्यांनी वाटी खाली ठेवली.

"तू भिताडाकडं तोंड करून खायचास," ती म्हणाली. "रडत खायचास. मी कशापायी सांगू आयला?"

"सुंद्रे..."

"आन् आता पन मला कळतंय. तुझी घागर परवापासनं रिकामी वाजतीया. तुझ्या वाट्याचं पाणी तू माझ्या घागरीत वततूस, ह्या कालवनात तेच हाय. म्हनून नगं म्हनते. कडू न्हाई लागत मला, शेवगा कुटं कडू आसतो?"

मी म्हणालो, "बाई, आता घ्या. माझ्या घागरीतलं आणून देतो तात्यांना." खरंच देणार होतो.

तिनं माझ्याकडे लक्ष दिलं नाही. चाचपत वाटी उचलली, तात्यांच्या हनुवटीपाशी नेली आणि दुसरा हात त्यांच्या गळ्यावर ठेवला.

"आदी तू. आर्धं आर्धं. मला दिसत न्हाई, पर कळतंय, गिळलं का न्हाई ते."

तात्यांनी घोट घेतला. तो त्यांना लवकर गिळवेना. सुंद्राबाईचा हात गळ्यावर तसाच होता. शेवटी गळ्याची गोटी खालवर झाली.

"गेलं," ती म्हणाली, आणि स्वतःचं तोंड उघडलं.