गुंडेराव मिस्त्री आणि मागच्या सीटची थरथर

गुंडेराव मिस्त्री गाडीत बसायच्या आधी पाय धुतात. त्यांच्या गॅरेजच्या दारात सिमेंटची एक टाकी आहे. तिच्या काठावर बसून ते साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतून फडकं फिरवून पाय स्वच्छ करतात आणि मग अनवाणी गाडीत शिरतात. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, माणूस भाविक असावा. मीही एकदा विचारलं, तर म्हणाले, "तळपायाला ग्रीस असलं की गाडी बोलत न्हाई, सर."

मुरुडमध्ये गाडीचं गॅरेज काढलेले ते पहिले. वय सत्तरीकडे झुकलेलं, मिशा पांढऱ्या, आवाज मात्र बाजाराच्या दिवशी पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल असा. त्यांची दुसरी तऱ्हा म्हणजे पाटी. गॅरेजच्या खांबाला दगडी पाटी टांगलेली असते. तक्रार तिच्यावर लिहून द्यायची. तोंडी सांगायला लागलात की ते हात वर करतात. "तोंडी तक्रार हवेत जाती. लिहा. मर्ज आधी कागदावर, मग इलाज."

माझी गाडी चौदा वर्षांची. दोन वर्षं ती नुसतीच कुरकुरत होती, पण यंदा उभी राहिली की थरथरायला लागली. एरवी मी दुर्लक्ष केलं असतं. पण आई न्हाणीत घसरून पडली, तिच्या खुब्याचं हाड मोडलं, लातूरला ऑपरेशन झालं, आणि आठवड्यातून दोनदा तिला व्यायामासाठी तिकडे न्यायचं ठरलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हे दोन महिने वाया गेले तर वॉकर जन्माचा चिकटेल.

तिसऱ्या खेपेनंतर आईने अंगावर चादर ओढली. म्हणाली, "मी न्हाई येत. सिग्नलला गाडी थांबली की खुब्यात कळ उठती. वॉकर तर वॉकर."

लातूरच्या एका गॅरेजवाल्याने गाडीभोवती फेरी मारली आणि सांगितलं, "इंजिन उतरवावं लागेल. नाहीतर विकून टाका." म्हणून मी गुंडेरावांकडे गेलो आणि पाटीवर लिहिलं, "गाडी थरथरते."

त्यांनी वाचलं आणि पाटी परत माझ्या हातात दिली. "सर, पोरायला असं उत्तर चालतं का तुमच्या शाळंत? कवा थरथरती? उभी असताना का पळताना? थंड असताना का तापल्यावर?"

पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी इतके पेपर तपासले, पण स्वतः नापास व्हायची ही पहिलीच वेळ. मी सविस्तर लिहिलं. उभी असताना जास्त. एसी लावला की आणखी. रेस केली की कमी.

"आता बरुबर," असं म्हणून ते पाय धुवायला गेले.

तीन दिवस तपासणी चालली. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायचो. ते ड्रायव्हरच्या सीटवर डोळे मिटून बसत, दोन्ही तळपाय गाडीच्या तळाच्या पत्र्यावर सपाट टेकवून. मग बॉनेट उघडून लांब पेचकस इंजिनाला लावत आणि त्याची लाकडी मूठ चक्क दातांत धरत. रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघत. चालू इंजिनाच्या प्लगच्या चारही वायरी त्यांनी एकेक करून काढून पाहिल्या. प्रत्येक वायरीला इंजिन अडखळलं, तसे ते खूश झाले. "चारी भाऊ कामावर हायेत. कुनी बसून खात न्हाई." इंजिन ज्या रबरांवर टेकलेलं असतं, ती रबरंही धड निघाली.

"मग मर्ज काय?" मी विचारलं. ते फडक्याने पेचकस पुसत राहिले. मग म्हणाले, "तरास कुनाला व्हतो? तुमाला का तुमच्या आईला?"

मी पाटीवर लिहिलं, "आईला."

"मग तक्रारदाराला आना की."

दुसऱ्या दिवशी आईला कसंबसं गॅरेजवर नेलं. चारच तर गल्ल्या होत्या. गुंडेरावांनी तिला मागच्या सीटवरून उतरू दिलं नाही, इंजिनही चालूच ठेवायला लावलं. स्वतः पुढच्या सीटवर उलटे वळून बसले आणि पाटी तिच्या मांडीवर ठेवली. "लिहा, आक्का."

"मला कुठं लिव्हता येतंय," आई म्हणाली. "सांगते तोंडानं. इथं माझ्या बुडाखाली घूं घूं वाजतंय. गाडी उतारावर उभी केली की थांबतंय. तुमाला ऐकू येईना का?"

गुंडेराव हसले, मान डोलावली आणि म्हणाले, "हाव, हाव. बरुबर हाय."

आई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने त्यांचं मनगट धरलं आणि त्यांचा तळहात आपल्या पायाशी, सीटखालच्या पत्र्यावर दाबला. गुंडेरावांचं हसू थांबलं. त्यांनी डोळे मिटले, हात थोडा पुढे सरकवला, परत मागे आणला. मग इंजिन बंद करायला लावून उतरले आणि गाडीखाली शिरले.

सायलेन्सरचा पाइप ज्या रबरी कडीला टांगलेला असतो, ती कडी वाळून तुटली होती. पाइप आईच्या सीटखाली पत्र्याला टेकला होता, आणि इंजिनाची साधी धडधड त्या पाइपातून थेट तिच्या खुब्याला पोचत होती. उतारावर पाइप सुटा व्हायचा, म्हणून थरथर थांबायची. इंजिन उतरवायचं काही कारणच नव्हतं. नवी कडी बसवायला अर्धा तासही लागला नाही.

गाडी पुन्हा सुरू केली. आई सीटवर जराशी हलून बसली आणि म्हणाली, "कळ न्हाई." मी हुश्श केलं. पण तिचं लक्ष गाडीकडे नव्हतंच. तिने गुंडेरावांना खुणेने जवळ बोलावलं, आपल्या कानाला बोट लावलं आणि हळूच मान हलवून विचारलं.

ते टाकीच्या काठावर जाऊन बसले. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच खाली आलेला ऐकला. "तीन सालं झाली, आक्का. उजवा पार गेला, डाव्यानं उगं गुणगुण येती. मिस्त्रीचा कान गेला म्हनल्यावर गाडी कोन देईल? म्हनून पाटी लावली."

"घरात कोन हाय?" आईने हातवारे करत विचारलं.

"मंडळी गेली. लेक उदगीरला हाय. तिकडंच ये म्हनती. मी न्हाई म्हनलो, तवापासून तिला वाटतं मी रागावलोय." त्यांनी खिशातला मोबाइल काढून तळहातावर ठेवला. "रोज सांजच्याला फोन करती. उचलून करू काय? ऐकू येत न्हाई म्हनलं तर उद्याच घ्यायला येईल. फोन आला की तिचा फोटू येतो. बंद होईपत्तर तेवढा बगतो."

आईला उपाय सुचला. पुढच्या खेपेला तिने अट घातली, "मिस्त्री संगं असले तरच मी येते. वाटंत गाडीला काय झालं तर?" मी ते पाटीवर लिहून दिलं. गाडीला काही होणार नव्हतं, हे सगळ्यांत जास्त गुंडेरावांना माहीत होतं. तरी ते धुतलेला शर्ट घालून आले.

लातूरला आईचा व्यायाम चालू असताना मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. मशीन लावलं तर डाव्या कानाने बरंच ऐकू येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. गुंडेरावांनी महिनाभर नको नको केलं. दर खेपेला आई त्यांच्याशी भांडली, आणि प्रत्येक भांडणानंतर थोडी जास्त चालली. मशीन कानात बसलं त्या दिवशी ती काठीवर आली होती.

परतताना संध्याकाळ झाली होती. गुंडेराव माझ्या शेजारी अवघडून बसले होते. रस्त्यावरच्या प्रत्येक हॉर्नला दचकत होते. मुरुड दहा-बारा किलोमीटर राहिलं असेल, तेवढ्यात त्यांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो काढला आणि लेकीच्या फोटोकडे नेहमीसारखे नुसते बघत राहिले.

मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मागून आई म्हणाली, "उचला की."

त्यांनी उचलला. आधी जोरात "हॅलो" म्हणाले, आणि आपल्याच आवाजाने दचकून फोन दूर धरला. मग हळूच कानाशी नेला.

"बोल, माय," ते म्हणाले. "मी ऐकायलोय."