तात्यांची मान

आमचे शेजारी दत्तूतात्या कोटवाल्या माणसाला आधी नमस्कार करत नसत. आधी त्याच्या कॉलरला आपली मान घासत, मग नमस्काराचं ठरवत.

ऐन उमेदीची वर्षं त्यांनी मुंबईत कोटाच्या कापडाच्या दुकानात घालवली होती. रत्नागिरीत त्या विद्येला गिऱ्हाईक नव्हतं. इथे कोट घालणार वकील, नाहीतर नवरदेव. तरी तात्या सोडत नसत. "बोटं लबाड. मान खोटा बोलत नाय. मेंढीची लोकर चावते. कॅशमियर बकरीच्या आतल्या मऊ केसांचा, ता नुसता टेकता."

सख्ख्या भावाच्या लग्नात त्यांनी नवरदेवाच्याच कॉलरला मान लावली आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं सांगितलं, "कॅशमियर कसला, घोंगडी हाय." कोट सासऱ्यांनी दिलेला. तेव्हापासून भावाने त्यांची पायरी चढली नाही. तात्या एकटेच रांधत, एकटेच जेवत. जरा गप्प बसला असता तर, असं मी एकदा म्हणालो. "चावला ता चावला," एवढंच उत्तर आलं.

म्हणून माझ्या मुलीच्या, शालनच्या, साखरपुड्याला मला तात्यांचीच धास्ती होती. व्याही लोट्याला नव्या केमिकल कंपनीत मोठे साहेब. बोलणीच्या वेळीच त्यांनी आपल्या विलायती कॅशमियर कोटाचा दोनदा उल्लेख केला होता. माणूस मानी, जरा खट्टू झाला की उठून जाणारा. शालनला मुलगा मनापासून आवडला होता. तात्यांना बोलावू नये, तर ती त्यांच्याच पडवीत खेळून वाढलेली. शेवटी मी त्यांना मागच्या रांगेत, खांबाआड बसवलं. मला ते अजून टोचतं.

व्याही भर उकाड्यात कोट घालून आले. कुंकू लागायच्या आधीच मुलाचे मामा हसत म्हणाले, "इथे कोणी कोटाचे वैद्य आहेत म्हणे. होऊ दे परीक्षा."

व्याह्यांनी कोट काढून पुढे धरला. हसले नाहीत.

तात्या उठले. मी हात जोडून त्यांच्याकडे पाहत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. कॉलर उघड्या मानेवर ठेवली, डोळे मिटले. तात्यांनी मान एकदा घासली. पुन्हा घासली.

"अस्सल," ते म्हणाले. "बकरीचाच."

व्याह्यांनी त्यांना स्वतःशेजारी बसवून घेतलं. कार्य पार पडलं. तात्या मात्र दुपारभर गळ्याला पंचा गुंडाळून बसले होते.

मंडळी गेल्यावर शालनने तो पंचा हळूच सोडवला. मानेवर कॉलरच्या रुंदीचा लालभडक पट्टा उठला होता.

"तात्या, हे काय?"

"घामोळा गो बाय."

ती उठली. आतून खोबरेल आणलं आणि बोटांनी हलके हलके लावू लागली. मी दारात नुसता उभा. एरवी कोणाला अंगाला हात लावू न देणारे तात्या मान खाली घालून बसले होते.

"चावतंय?" तिने विचारलं.

"नाय," तात्या डोळे मिटून म्हणाले. "नुसता टेकता."