रुमाल निघाला, हात वर!

आमच्या वॉर्डातून निवडून आलीय माझी बायको साधना. पण खरा नगरसेवक मी! जागा महिलांसाठी राखीव झाली म्हणून पाटीवर तिचं नाव, एवढंच. फोन मी उचलतो, फिती मी कापतो आणि महासभेत तिने हात कधी वर करायचा तेही मीच ठरवतो. कसं म्हणता? प्रेक्षक गॅलरीतून! मी रुमाल काढला की साधनाचा हात वर. नाही काढला की हात खाली. इतकी सोपी लोकशाही!

त्या दिवशी विषय होता गंगापूर रोडजवळच्या मोकळ्या भूखंडाचा. तिथे भाजीवाल्या बायकांसाठी शेड बांधायची, असा प्रस्ताव शेजारच्या वॉर्डातल्या झुंबररावांनी आणला होता. हा झुंबरराव म्हणजे माझ्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर स्वतःचा फ्लेक्स ठोकणारा माणूस! त्याचं काही मंजूर होऊ देतोय मी? मला तिथे वडिलांच्या नावाचं म्युझिकल कारंजं हवं होतं.

"अहो, रोज अतिक्रमणवाल्यांची गाडी येते आणि त्या बायकांच्या पाट्या उचलून नेते," साधना सकाळी म्हणाली. "मिळू द्या ना त्यांना शेड."

"कारंजं झालं की भाजीवर पाणी फुकटात मारतील!" मी म्हणालो.

 तिने इस्त्रीचा रुमाल स्वतःच्या हाताने माझ्या खिशात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच! मी तर विरघळलोच.

महापालिकेचे जिने चढून घाम आला. रुमालाने तोंड पुसलं आणि गॅलरीत बसलो. मतदान सुरू झालं. दोन्हीकडची मतं सारखीच! राहिली एकटी साधना. तिने वर माझ्याकडे पाहिलं. मी पुतळ्यासारखा बसलो... आणि नाकात काहीतरी हुळहुळलं.

"आ... आ... आक्छी!"

सवयीने रुमाल निघाला. साधनाचा हात वर!

मी घाबरून "नाही, नाही!" म्हणत तोच रुमाल हलवू लागलो. साधनाने दुसराही हात वर केला!

"प्रस्ताव मंजूर!"

गॅलरीत भाजीवाल्यांनी एकच गलका केला. त्यांच्यातल्या नवसाबाई धावत माझ्याकडे आल्या. माझ्या डोळ्यांतून शिंकांचं पाणी वाहत होतं.

"दादा, आमच्यासाठी रडू नका वो! लय मोठं मन हे तुमचं!"

तेवढ्यात झुंबररावाने येऊन मिठीच मारली. "निवृत्तीराव, उगाच वैर धरलं मी. नारळ तुम्हीच फोडायचा!"

मी त्याच्या खांद्यावर शिंकलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी येताच मी ओरडलो, "काय केलंस हे?"

"मी? रुमाल तुम्हीच काढलात," साधना शांतपणे म्हणाली, "आणि काय जोरात हलवलात!"



आता शेड झालीय. पाट्या कोणी उचलत नाही. खरं सांगतो, त्या बायकांना सावलीत बसून हसताना पाहिलं की मलाही फार आनंद होतो. परवा मेथी घ्यायला गेलो, तर नवसाबाईंनी जुडी पिशवीत टाकली, पैसे घेईनात.

"तेवढं ताईंना सांगा दादा, माझी तपकिरीची डबी परत द्या म्हणावं. सभेच्या आदल्या दिशी नेली, ती अजून नाय दिली."

मी मेथी घेऊन घरी आलो. डबीचं विचारायची हिंमत काही झाली नाही. हल्ली मी शिंकतोसुद्धा साधनाला विचारून!