वच्छलाबाईंची रंगीत तालीम

आमच्या शेजारच्या वच्छलाबाई रामटेके सकाळी भांडी घासता घासता कडाक्याचं भांडत. समोर कोणी नसे, तरी भांडण दोन्ही बाजूंनी चाले.

माझी नागपूरला बदली झाली, ती सत्तर सालानंतरची गोष्ट. नव्या घरातली पहिलीच सकाळ. भिंतीपलीकडून आवाज आला, "काहून नाही घेत माह्या पोरीले? सांगा ना, काहून?"

मग तोच आवाज घोगरा झाला. "बाई, तसा नियम आहे."

"नियम कोणी केला? माणसानंच केला ना? मंग माणसानंच मोडावा!"

"अहो, कुणीतरी त्यांना छळतंय," माझी बायको म्हणाली. मी टॉवेल खांद्यावर टाकून शूरपणे गेलो. अंगणात वच्छलाबाई एकट्याच होत्या. हाताला राख, समोर पाण्याचा पितळी गुंड, शेजारी तांब्याएवढा गडवा, आणि बोट त्या गुंडावर रोखलेलं.

"हे हेडमास्तर," त्यांनी गुंडाची ओळख करून दिली. "अन् हा गडवा त्याहिचा चपराशी. बसा ना भाऊ, चहा ठेवते."

पायरीवर त्यांची लेक नंदा बसली होती. सातआठ वर्षांची असेल. जन्मापासून तिचे हात थरथरत आणि एकेक शब्द विहिरीतून बादली ओढावी तसा वर येई. पण डोळे असे, की आपण काय चूक केली हे आपल्याला कळण्याआधी तिथे दिसावं. मला पाहून ती हसली.

"आई... जिंकली," ती म्हणाली. "रोज... जिंकते."

खऱ्या शाळेत मात्र आई रोज हरत होती. हेडमास्तरांपर्यंत पोचायच्या आतच कोणीतरी "पुढल्या साली या" म्हणून वाटेला लावी. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना त्या झालेलं संभाषण दुरुस्त करत. "मी तवा असं म्हणायले पायजे होतं," ही त्यांच्या दिवसाची सुरुवात असे. नवरा खापरखेड्याच्या वीजघरात कामाला, तिथल्याच कॉलनीत राही आणि सुट्टीला घरी येई. तो शांत माणूस. "कशाले लोकाइच्या तोंडी लागतं वं? राहू दे तिले घरीच," एवढंच म्हणे. त्यामुळे तालमीला गुंडावाचून कोणी नव्हतं.

मी सापडल्यावर गुंडाला बढती मिळाली नाही, मला मिळाली.

"भाऊ, तुम्ही हेडमास्तर व्हा. गुंड उलटून बोलत नाही ना."

मी झालो. "या बाई, काय काम आहे?"

"असा कुठं बोलते हेडमास्तर? जरा कडक व्हा ना गा!"

मी घसा खाकरला, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणालो, "बाई, ही शाळा आहे, धर्मशाळा नाही. तुमच्या मुलीपायी मी वर्ग बिघडवू?"

वच्छलाबाईंचा चेहरा लाल झाला. हातातलं उलथणं वर गेलं. ते खाली येण्याआधी नंदा खदखदून हसली म्हणून मी वाचलो. पण त्या दिवशी माझ्या बायकोनं मला मुकाट्यानं जेवायला वाढलं. शेवटी भाताच्या वेळी म्हणाली, "त्या लेकराबद्दल असं बोलवलं तरी कसं तुम्हाला?"

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा "भाऊ, तुम्ही नुसते बाजूले उभे राहा" म्हणून त्या नंदाबरोबर मलाही घेऊन गेल्या. तिघं सरळ हेडमास्तरांच्या खोलीत शिरलो. वच्छलाबाईंचा पदर खोचलेला, मान ताठ. सगळी उत्तरं तयार होती.

आणि हेडमास्तर उठून उभे राहिले. त्यांनी स्वतः खुर्ची पुढे ओढली. "उन्हातून आलात, बसा. फार सोसलंय तुम्ही, बाई," ते मऊ आवाजात म्हणाले. "मला कळतं हो सगळं. हिला घरीच ठेवा, माया करा. शाळेत कशाला तिचे हाल?"

वच्छलाबाई उघड्या तोंडानं पाहत राहिल्या. शिव्यांना त्यांच्याजवळ उत्तर होतं, हेटाळणीला होतं. असं प्रेमानं दार लावून घेणारा माणूस तालमीत कधी आलाच नव्हता. त्यांनी खोचलेला पदर सोडला, पुन्हा खोचला. माझाही उपयोग नव्हता. मला कडक हेडमास्तर तेवढा जमत होता.

तेव्हा नंदा टेबलाशी गेली. दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली.

"हात... हालते माहा," ती म्हणाली. हेडमास्तर वाट पाहत राहिले. "डोस्कं... नाही हालत."

वाक्य आईचं होतं. भिंतीपलीकडून मी ते कितीदा ऐकलं होतं. पण पुढचं तिचं स्वतःचं होतं. "घरी... मैत्रीण नाही."

हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "दिवाळीपर्यंत बसू दे," ते म्हणाले. "मग पाहू."

"मंग दिवाळीनंतर मी येतेच," वच्छलाबाईंना आवाज सापडला.

पुढच्या सुट्टीला रामटेके खापरखेड्याहून आले. कोणी काही सांगितलं नव्हतं, पण हातोडी पिशवीत घालून ते शाळेत गेले आणि नंदाची पाटी घसरू नये म्हणून बाकाच्या कडेला लाकडी पट्टी ठोकून आले. दिवाळी गेली, होळी आली, शाळेनं पुन्हा विषय काढला नाही. नंदा यथावकाश मॅट्रिक झाली, दुसऱ्या खेपेला. वच्छलाबाईंनी गल्लीत संत्राबर्फी वाटली आणि नापासाच्या वेळीही वाटायला हवी होती म्हणून चुटपुटत राहिल्या.

तोवर त्यांचं नाव पसरलं होतं. कळमन्याहून, बेशाहून बाया आपापली लेकरं घेऊन भांडण शिकायला येत. एकदा मी तिथे असताना एक तरुण बाई आली. कडेवर चारेक वर्षांचा मुलगा, मान एका बाजूला कललेली. ती दारातूनच भराभरा सांगू लागली: डॉक्टर असं म्हणाले, सासू तसं म्हणते, बालवाडीवालीनं परत पाठवलं.

मला वाटलं, आता वच्छलाबाई पदर खोचणार. त्यांनी पोराला मांडीवर घेतलं, त्याची लाळ आपल्या पदरानं पुसली आणि विचारलं, "याले खायले काय आवडते वं?"

ती बाई गडबडली. "आँ? ... मुरमुरे. मुरमुरे आवडते याले."

"अन् हासते कायनं?"

"बकरी दिसली का हासते," ती म्हणाली आणि एकाएकी ओक्साबोक्शी रडायला लागली.

वच्छलाबाईंनी तिला रडू दिलं. ती गेल्यावर मी म्हणालो, "बाई, तुम्ही तिला भांडणाचं काहीच शिकवलं नाही?"

"शिकवीन ना, उद्या येते ते." त्या चुलीतलं लाकूड पुढे सारत होत्या. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, "माही नंदी एवढीशी होती ना भाऊ, तवा जो तो इचारे, हिले काय झालं, कशानं झालं, कोणाच्या पापानं झालं. हिले काय आवडते, हे कोणी नाही इचारलं. लई वाट पाहिली मी."

मी विचारलं, "काय आवडायचं?"

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. लाकूड तसंच हातात राहिलं.

"बोरं," त्या म्हणाल्या. "आंबट बोरं. बसा ना, सांगते."