झटक्याची प्रत्यक्ष पडताळणी

सापगावच्या भगीरथला जीपमध्ये बसलं की मरण दिसायचं. छाती धडधडे, हातपाय गार पडत, श्वास घशात अडके, आणि चौदावा माणूस आत कोंबला गेला की तो "थांबव रे" म्हणत उतरून चालू लागे. पाच मिनिटांत सगळं ठीक. पण येत्या रविवारी कल्याणला लेकीच्या घराची वास्तुशांत होती आणि भाविकाने फोनवर बजावलं होतं, "बाबा, तुमी आल्याबिगर मी पूजेला बसनार नाय."

अशा रुग्णांसाठीच मुरबाडच्या एका दवाखान्यात 'धीर योजने'खाली नवं यंत्र आलं होतं. सुई नाही, चिरफाड नाही. डोक्याशी चुंबकाची चकती धरायची, टकटक आवाज होतो आणि मेंदूतली घबराट आवरते. निदान माहितीपत्रकात तरी तसं छापलं होतं. भगीरथ जीपमध्ये बसला, अर्ध्या वाटेत उतरला आणि उरलेली वाट चालत दुपारी दवाखान्यात पोचला.

डॉक्टर हर्षित यांनी नाडी पाहिली. "तुम्ही तर ठणठणीत आहात."

"आता हाय, सायेब. झटका जीपमधे येतो."

"नियम सात," कारकून स्नेहल मान वर न करता म्हणाली. "झटका वैद्यकीय अधिकाऱ्यासमक्ष, कार्यालयीन वेळेत आणि दोन न घाबरलेल्या साक्षीदारांच्या उपस्थितीत यायला हवा. जेवणाच्या सुट्टीतला धरत नाहीत."

भगीरथने बाकावर बसून मनापासून प्रयत्न केला. साप आठवला, विंचू आठवला, सासरे आठवले. छाती काही धडधडेना. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा अर्धी वाट तुडवत आला, तेव्हा काल झटका का सादर केला नाही, याचा स्नेहलने लेखी खुलासा मागितला. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, त्याने हात जोडले.

"सायेब, तुमीच बसा की जीपमधे. तिथं झटका पायजे तेवडा भेटंल."

सूचना नियमात बसत होती, हीच पंचाईत. मुख्यालय सोडण्याची परवानगी निघाली आणि शनिवारी पडताळणी पथक शहापूरच्या जीपमध्ये चढलं: डॉक्टर, स्नेहल, दुसरा साक्षीदार म्हणून शिपाई गणू, आणि भगीरथ.

"अजून चार बसतील," ड्रायव्हर म्हणाला, आणि बसले. एकूण अठरा झाले. बाईजा नावाच्या म्हातारीने आपली कोंबड्यांची पाटी डॉक्टरांच्या मांडीवर ठेवली. दार दोरीने बांधलं गेलं आणि ड्रायव्हरने फोन कानाला लावून जीप सोडली. पहिल्याच वळणावर डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला.

"थांबवा. श्वास घेता येत नाही. मी मरतोय."

भगीरथ आपल्या झटक्याची वाट पाहत होता. तो शेजारच्याला आलेला पाहून त्याला कमालीचा आनंद झाला. इतकी वर्षं वाटायचं, हे फक्त आपल्यालाच होतं. त्याने डॉक्टरांचा हात धरला. "मरत नाय कोनी, सायेब. मी शंभर येळा मेलोय. हळू श्वास घ्या, मी मोजतो." मोजता मोजता शहापूर आलं. आपण मध्ये उतरलोच नाही, हे ध्यानात आल्यावर भगीरथला रडू कोसळलं.

स्नेहलने तिथेच अर्ज भरला. झटका आला: होय. अधिकाऱ्यासमक्ष: होय, अधिकारी स्वतः हजर. साक्षीदार: दोन. त्यानुसार यंत्राच्या वीस बैठका डॉक्टरांना मंजूर झाल्या. भगीरथची नोंद 'यंत्राला हात न लावता बरा झालेला पहिला रुग्ण' अशी झाली. रविवारी तो जीपने कल्याणला गेला. छाती धडधडली, पण तो मोजत राहिला आणि भाविका वेळेवर पूजेला बसली.

अहवाल मात्र वर गेला आणि वर कोणीतरी तो चुकून वाचला. अठरा माणसं, दोरीने बांधलेलं दार, ड्रायव्हर फोनवर, आणि घाबरला फक्त एकच? मग खरे आजारी कोण, असा शेरा आला. आता नियम आठप्रमाणे न घाबरणाऱ्यांची यादी करण्याचं काम सुरू आहे. शांत का बसलात, याचा लेखी खुलासा द्यावा लागतो. बाईजाने अंगठा दिला.

तुम्हीही हे सगळं हसत हसत वाचलं असेल, तर आधारची झेरॉक्स काढून ठेवा.