अण्णांच्या ओटीवरची खुर्ची

आमचे शेजारी अण्णा चिडले की ओटीवर वेताची खुर्ची मांडतात आणि तिला झाडतात. खुर्ची रिकामी असते. "तुला बोलावलं कोणी? ऊठ, चालू लाग," असं दरडावतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा कामातून गेला.

झालं होतं असं की त्यांची पुण्याची पुतणी समुपदेशक आहे. काकांचा चढता पारा बघून तिने त्यांना एक शब्द शिकवला, एक्स्टर्नलायझेशन. म्हणजे मनात जे काही खदखदतंय ते बाहेर काढून समोर ठेवायचं आणि त्याच्याशी तिऱ्हाइतासारखं बोलायचं. राग म्हणजे अण्णा नव्हेत, राग हा अण्णांकडे आलेला कोणीतरी. पोरीने सांगितलं भल्यासाठी, पण अण्णांनी तो शब्द असा राबवला की विचारू नका. कलमांची फवारणी राहिली? आळस मुक्कामाला आलाय, ते काय करणार!

त्यांच्या पत्नी माई त्यांच्या वरताण. ओटीवर आलेल्याला गूळपाणी दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्या रागापुढेही तांब्या आणि गुळाचा खडा ठेवत. भांडून घसा सुकला की अण्णाच ते संपवत. आळसाला मात्र माईंनी निरोप धाडला, "राहा म्हणावं हवं तितकं, पण माडांना पाणी घाल."

गेल्या महिन्यात माईंच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. अण्णांनी खुर्चीत भीतीला बसवलं आणि आठवडाभर दम दिला. ती बया हलेना. शेवटी ती दवाखान्यातही आली. बाकावर शेजारची जागा धरून अण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "इथे बाईमाणूस बसलंय." मला हसू येत होतं, पण मीही ती जागा सोडून पलीकडे बसलो.

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, सगळं उत्तम झालं. मला तर तिथेच नाचावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्हाला आत सोडलं. माईंनी डोळे उघडले आणि विचारलं, "जेवलात का?"

अण्णा कॉटच्या कडेला टेकले.

"नाही गो. मी घाबरलो होतो. दुसरं कोणी नाही, मीच. तू नसलीस तर मी त्या घरात शिरू कसा?"

आणि माझ्यासमोर, नर्ससमोर, सगळ्या आळीला धाकात ठेवणारा तो माणूस खुशाल रडला. माई त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत हसत होत्या.