बाराच्या ठोक्याला बर्मिंगहॅम

डॉक्टर माधव गोगटे यांनी आयुष्यभर इंग्लंडातल्या हॉस्पिटलांत भूल द्यायचं काम केलं. माणसं झोपवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. जागी माणसं सांभाळायचा मात्र त्यांना सराव नव्हता, आणि तिथेच सगळं बिनसलं. रिटायर झाल्यावर त्यांनी लंडनच्या पिनर भागातल्या अकरा मराठी मंडळींना अमेरिकेला न्यायचं ठरवलं. शिकागोपासून थेट लॉस एंजेलिसपर्यंत, मिनीबसने, तीन आठवडे. वीस वर्षं या माणसाने हे एकच स्वप्न पाहिलं होतं: लांबच लांब सरळ रस्ता, हातात स्टिअरिंग, आणि वाटेत ओळखीचं चिटपाखरू नाही.

"अमेरिकेत मोटेलं बुक आहेत. संध्याकाळी पोचायचं म्हणजे पोचायचंच," अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यातल्या एका रविवारी मिनीबसपुढे उभं राहून त्यांनी बजावलं. "आज रंगीत तालीम. बर्मिंगहॅम, शंभर मैल. बाराच्या ठोक्याला माझ्या मित्राच्या, जयंताच्या घरी जेवायला. वेळेत पोचलो तर अमेरिका, नाहीतर सगळं कॅन्सल."

"ते खरंच कॅन्सल करतील हं," त्यांच्या पत्नी सुप्रभाताईंनी सगळ्यांना सांगून ठेवलं.

साडेआठला बस निघाली. पावणेनऊला वॉटफर्ड आलं आणि मागच्या सीटवरून शैलाताई म्हणाल्या, "माधवराव, इथे माझी नणंद राहते. दारावरून जायचं आणि तोंड दाखवायचं नाही, बरं दिसतं का ते? नुसती हाक मारून येते. इंजिन चालूच ठेवा."

माधवरावांनी इंजिन चालू ठेवलं. दहा मिनिटांनी शैलाताईंना आणायला नंदाताई गेल्या. नंदाताईंना आणायला विष्णुपंत गेले. विष्णुपंत म्हणजे कौन्सिलच्या ऑफिसात तीस वर्षं काढलेला, वेळेचा कडक माणूस. तेही आत गडप झाले. मग फोडणीचा वास आला आणि उरलेले सगळे एकमेकांना आणायला गेले. बसमध्ये माधवराव आणि इंजिन, दोघंच राहिले.

आत जाऊन बघतात तर सगळ्यांच्या हातात पोह्यांच्या बशा. "डॉक्टर, पहिल्यांदाच आमच्याकडे आलात, रिकाम्या तोंडी कसे जाल?" म्हणत नणंदबाईंनी त्यांच्याही हातात बशी दिली. पोहे झाले, चहा झाला. मग सहा बायकांच्या ओट्या भरल्या, सहा नारळ. वॉटफर्डमधल्या एका घरात सहा नारळ असतातच कसे, असं माधवरावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण विचारलं असतं तर उत्तरात आणखी अर्धा तास गेला असता. त्यानंतर निरोप. 'येते हं' म्हटल्यावर तर आपल्या बायका खऱ्या बोलायला लागतात. कोट घालून, पर्स खांद्याला अडकवून, दारातच पाऊण तास.

"आता थेट बर्मिंगहॅम," एम वन हायवेला लागल्यावर माधवराव म्हणाले.

"ल्यूटनला थांबायला लागेल," शैलाताई म्हणाल्या. "वन्संनी भाचीला फोन केलाय. आशाने बारा जणांच्या पुऱ्यांची कणीक भिजवलीसुद्धा."

"थांबायचं नाही!"

ल्यूटनची एक्झिट मागे पडली. बसमध्ये सुतक पडल्यासारखं झालं. कोणी खिडकीबाहेरसुद्धा बघेना. विष्णुपंत तेवढे हळूच म्हणाले, "बिचारी फुटपाथवर उभी असेल." चार मैल माधवरावांनी दातओठ खात बस हाकली. पुढच्या एक्झिटला त्यांनी स्वतःच इंडिकेटर दिला आणि बस मागे फिरवली.

आशा खरंच फुटपाथवर उभी होती. "सावकाश जेवा," ती म्हणाली. "तुम्ही निघालात की मी मिल्टन कीन्सला फोन करते. माझी जाऊ वाट बघतेय."

बारा वाजले तेव्हा मंडळी ल्यूटनमध्ये श्रीखंड-पुरी खात होती. साडेतीन तासांत पंचवीस मैल. माधवराव ताटावरून उठून उभे राहिले. "मंडळी, बारा वाजले. अमेरिका कॅन्सल," ते म्हणाले. त्यांना अगदी रडू येत होतं.

"कॅन्सल कशाला?" नंदाताईंनी पर्समधून डायरी काढली. "उलट आत्ताच सगळं जमलं. आपण मोटेलं कॅन्सल करू. शिकागोत माझा भाऊ, सेंट लुईसला विष्णुपंतांची भाची, तल्साला आशाच्या मावससासूबाई. पोचायला उशीर झाला तर मोटेलवाला खोली दुसऱ्याला देईल. आपली माणसं थोडीच दार लावून घेणार आहेत?"

माधवरावांनी कपाळाला हात लावला. "अहो, पण मध्ये वाळवंट आहे. ॲरिझोनात तरी कोणी नसेल?"

"माझी मावसबहीण आहे ना, रेखा," सुप्रभाताई म्हणाल्या. "नवरा दिवसभर हॉस्पिटलात. आसपास शंभर मैलांत मराठी बोलायला माणूस नाही. आपण येणार म्हटल्यावर फोनवर रडायलाच लागली हो. म्हणाली, ताई, एक रात्र नको, चार दिवस राहा."

अठ्ठावन्न साली बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटल क्वार्टर्समध्ये माधवरावांनी एकट्याने काढलेला पहिला हिवाळा त्यांना आठवला. तीन महिने कोणी दार वाजवलं नव्हतं. आता चिडावं तरी कुणावर, हेच त्यांना कळेना.

"चार नको," शेवटी ते म्हणाले. "आठवडा सांग तिला."

"मग लॉस एंजेलिसला कधी पोचणार?" विष्णुपंतांनी विचारलं.

"तिथे आपलं कोण आहे?" म्हणत माधवराव खाली बसले आणि त्यांनी आणखी एक पुरी वाढून घेतली.